चुलत यमकं

नागपूर
४ फेब्रुवारी

बाई,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो. कागदावर हे सोपं जातं. समोर वेळ आली तर तू पाय मागे घेशील, हे मला ठाऊक आहे.

रोहितचं लग्न ठरलं. मुलगी रितिका, उमरेड रोडची, शाळेत गणित शिकवते. एकोणीस एप्रिल, सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटं, मानेवाडा रोडवरचं सभागृह. फोन तू उचलत नाहीस. आपल्या पोरीच्या, भूमिकाच्या लग्नापासून, म्हणजे दोन वर्षं, दोन महिने आणि आठ दिवस. म्हणून लिहितो. सख्ख्या आत्याला भाच्याच्या लग्नाची तारीख पत्रिकेवरून कळावी, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट साफ करायची आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. क्रम सुटला की माणूस अर्धंच ऐकतो.

माझ्या दुकानात लोक लग्नाच्या पत्रिका छापायला येतात. त्यातले निम्मे मंगलाष्टकंही लिहून मागतात. नावांची यादी देतात, मी आठ कडवी बांधतो. असं एकोणीस वर्षं चाललं आहे. मी नववी नापास. वृत्त, गण, मात्रा, सगळं एकट्याने शिकलो, कुणापुढे पाटी धरली नाही. माझी पद्धत अशी की नाव ओळीच्या टोकाला आलं पाहिजे. मधे कोंबलेलं नाव डफड्यांच्या आवाजात बुडून जातं. टोकाला आलेलं नाव मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतं.

त्यासाठी माझ्या अकरा वह्या आहेत. एका पानावर एक नाव, नावाखाली तीन रकाने. पहिला सख्ख्या यमकांचा. शेवटची दोन अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. दुसरा चुलत यमकांचा. शेवटच्या अक्षराचा स्वर तोच, व्यंजन तेच किंवा भावकीतलं. ल ला ळ, न ला ण, स ला श, ट ला ठ. तिसरा शेजाऱ्यांचा. कानाला नुसता भास होतो, नातं काहीच नाही. मी सख्खी यमकं छापतो. चुलत फक्त लिहून ठेवतो, सवय म्हणून.

‘वच्छला’ हे पान सातव्या वहीत आहे. पहिला रकाना कोरा. ‘च्छला’वर संपणारा दुसरा शब्द मला मराठीत मिळालेला नाही, आणि मी शोधणारा माणूस आहे. भूमिकाच्या वेळी तीन दिवस त्या पानासमोर बसलो होतो. आठही कडव्यांत तुझं नाव आलं नाही, ते या कारणाने. तुझं नाव मी गाळलं नाही, बाई. ते बसलं नाही. दोन्हींत फरक आहे.

तू न जेवता गेलीस. कारण असं साधं होतं.

लग्नाला ये.

बाबाराव


नागपूर
२१ फेब्रुवारी

बाई,

रोहित परवा तुझ्याकडे पारशिवनीला जाऊन आला. त्याला काय काय सांगितलंस ते त्याने सांगितलं. थोडं मी खोदून काढलं.

तो म्हणाला, “आत्यानं वांग्याची भाजी केली होती. ताटात तीनदा वाढली. मंग तुमचं पत्र मले वाचाले लावलं.”

“तिचा चष्मा?”

“डोळ्यावरच होता.”

मग पुढचं. तू म्हणे सगळं पत्र शांतपणे ऐकलंस. रकाने आले तेव्हा सुपारी कातरत होतीस. पत्र संपल्यावर विचारलंस, “भूमिकाच्या सासऱ्याचं नाव कशासंग जोडलं होतं गा तुह्या बापानं? त्या केशवरावचं?”

“मले काय आठवते, आत्या.”

“मले आठवते. वैभव. केशवले वैभव. जुळते काय ते?”

“जुळते थोडंसं.”

“मंग थोडंसं माह्याच नावाले काहून नाही जुळलं?”

रोहितने हे सांगितलं तेव्हा मी प्रुफं तपासत होतो. एका वधूचं नाव दोनदा तपासलं, तरी चूक राहिली. तिच्या बापाने दाखवली.

तुझा मुद्दा तांत्रिक आहे, म्हणून तांत्रिक उत्तर देतो. केशव आणि वैभव. शेवटचा ‘व’ समान, त्याच्या आधी श आणि भ, म्हणजे व्यंजनं वेगळी. काटेकोर पाहिलं तर चुलत. घाईत घेतलं गेलं. ती माझी चूक.

इथे खरं तर पत्र संपवायला हवं होतं. पण तू आठवणीतून ते यमक काढलंस, दोन वर्षांनी, एकदाच ऐकलेलं. मला पऱ्हाटी वेचायचे दिवस आठवले. मी नऊ वर्षांचा, तू अठराची. लग्नाआधीचं तुझं शेवटचं वर्ष. तेव्हा मी तुला नुसता बाबा होतो. तू पऱ्हाटीच्या ओळीच्या तासात माझ्या पुढे वेचायचीस आणि मागे न बघता शब्द फेकायचीस. तास संपायच्या आत मी जोड द्यायचा, नाही तर माझ्या ओटीतला कापूस तुझ्या पोत्यात. तू कपाशी म्हटलं, मी उपाशी म्हटलं. तू कुंपण म्हटलं, मी शिंपण. एकदा तू ‘झाडनी’ म्हटलंस आणि मला काहीच सुचेना. तास संपत आला. मी रडकुंडीला येऊन ‘चटणी’ म्हटलं.

मी म्हणालो, “बराबर नाही जुळत.”

तू म्हणालीस, “तोंडाले जवळ लागलं नं? मंग झालं. दोन घास जेवाले एकाच ताटाची गरज नसते.”

तेवढ्यावर माझी ओटी वाचली.

पुढे सतराव्या वर्षी मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून छंदशास्त्राचं जुनं पुस्तक आणलं. तोवर तू सासरहून परत आली होतीस. भाऊजी जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. मी ते पुस्तक तुझ्यासमोर उघडलं आणि तुझी सगळी यमकं चुकीची कशी आहेत ते सांगितलं. एकेक करून. तू ऐकून घेतलंस. त्यानंतर तू माझ्यापुढे कधी शब्द फेकला नाहीस.

मागच्या पत्रात मी लिहिलं, कुणापुढे पाटी धरली नाही. पाटी धरली नव्हती हे खरं. ओटी धरली होती.

बाबाराव


नागपूर
९ मार्च

बाई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन व्यवस्थित होती, म्हणून फाडली.

रविवारी शामला पापड लाटत होती. मी सातवी वही घेऊन तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, बाईच्या नावाला शब्द मिळत नाही, या वेळी काहीतरी करायला पाहिजे. तिने लाटणं थांबवलं नाही.

“माहं नाव काय हाय?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“सांगा नं. तीस वर्षं झाले लग्नाले.”

“शामला.”

“ते वच्छला. मी शामला. भूमिकाच्या लग्नात दोघींले एका जोडीत उभं कराले तुमाले काय झालं होतं? मी आई, ते आत्या. माह्या नावाखाली तुमी काय लिवलं होतं? ‘सोज्वळा’. मी कधीपासून सोज्वळ झाली?”

मी म्हणालो, शामला आणि वच्छला हे सख्खं यमक नाही. मला ‘मला’वर संपणारं हवं होतं.

“सोज्वळा संपते काय ‘मला’वर?”

तिने पुढचा पापड घेतला. “मी दोन वर्षं वाट पाहिली, तुमी आपल्या तोंडानं सांगता काय म्हणून. त्या दिवशी केशवराव दुकानात आले होते तेव्हा मी डबा घेऊन आली होती. मागं उभी होती मी. मले सारं ऐकू आलं.”

तर बाई, आता ऐक.

भूमिकाच्या लग्नाला बारा दिवस होते. केशवराव पत्रिकेचं प्रूफ पाहायला दुकानात आले. चहा झाला. प्रूफ त्यांना आवडलं. उठता उठता म्हणाले, “मंगलाष्टकं तुमीच लिहून राहिले नं? एक गोष्ट होती. आमची आई जुन्या वळणाची हाय. शुभकार्यात एकट्या बाईचं नाव घेतलं तर तिले खटकते. मले काही वाटत नाही बा. तुमी समजदार हा, पाहून घ्यान.”

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, अट घातली नाही. मी “पाहतो” म्हणालो. त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो.

तू पस्तीस वर्षं चार एकर शेत एकटीने वाहतेस. आईच्या शेवटच्या आजारात धंतोलीच्या दवाखान्यात सतरा दिवस फरशीवर झोपलीस. मी तेव्हा दुकानाची वेळ सांगून घरी जायचो. भूमिकाच्या जन्माला तिच्या डोक्यावरचं पहिलं कुंचडं तू शिवलंस. हे सगळं मला त्या दारात उभं असताना आठवायला पाहिजे होतं. मला फक्त एवढंच वाटलं की पोरीचं सासर आहे, सुरुवातीलाच कशाला.

मग घरी आलो आणि सातवी वही उघडली. पहिला रकाना कोरा होता. दुसऱ्या रकान्यात अकरा शब्द होते, माझ्याच अक्षरात. मी कोऱ्या रकान्याकडे पाहत बसलो. तीन दिवस बसलो हे खोटं नाही. पण शोधत नव्हतो. सख्खा शब्द नाही याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तुला हे मांडवातच समजलं असणार. म्हणूनच तू रोहितला बाकी कुणाचं नाव विचारलं नाहीस. केशवरावांचंच विचारलंस.

माफी मागायला मला चांगला शब्द सापडत नाही. साधाच लिहितो. माझं चुकलं.

बाबाराव


नागपूर
२७ मार्च

बाई,

तुझं उत्तर नाही. नसावंच, माझी तक्रार नाही. काय काय केलं ते कळवतो.

बारा तारखेला केशवरावांकडे गेलो. कळमन्याला त्यांची धान्याची अडत आहे, तिथेच गाठलं, तुरीच्या पोत्यांमध्ये. म्हणालो, रोहितच्या मंगलाष्टकात माझ्या बहिणीचं नाव येणार आहे, आणि हळदीचा पहिला हातही तिचाच लागेल. तुमच्या आईंना खटकलं तर मी येऊन त्यांच्या पाया पडेन, नाव मात्र काढणार नाही. ते थोडा वेळ पोत्याच्या सुतळीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “मी तवा तसं बोलाले नव्हतं पाहिजे, बाबाराव. तुमी नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होतो?”

ते एक वाक्य मी पंधरा दिवस वागवतो आहे.

भूमिकाला फोनवर सगळं सांगितलं. पोरगी रागावली. “बाबा, आत्या माह्या लग्नातून उपाशी गेली आणि तुमी मले सांगितलं तिची तब्येत बरी नव्हती.” मी तसं सांगितलं होतं, हेही लिहून ठेवतो. रितिकाच्या घरीही कळवलं. तिचे वडील म्हणाले, आमच्याकडे तर सगळ्यांचीच नावं घेतात, हे विचारायचीसुद्धा पद्धत नाही.

आता कडव्याचं.

दुसरा रकाना उघडला. त्यात ‘ला’वर संपणारे सात शब्द होते. लाभला, शोभला, थांबला, असे. सगळे झालं-गेलं सांगणारे. तुझ्या नावाशेजारी मला झाल्या-गेल्यातलं काही नको होतं. ते सातही खोडले. मग ‘ल’ची भावकी, ‘ळ’. तिथे गेलो तर शब्दच शब्द. मोकळा, कोवळा, सावळा, सोहळा. एकेक शब्द तुझ्या नावामागे म्हणून पाहिला. मोठ्याने म्हणावं लागतं, डोळ्यांनी कळत नाही. वच्छला, मोकळा. जीभ ‘ला’ला दातांमागे टेकते, ‘ळा’ला थोडी मागे वळते. अंतर तेवढंच. सख्ख्या जोडीत दुसरा शब्द येण्याआधीच कानाला कळलेला असतो. चुलत जोडीत कान क्षणभर थांबतो, आणि मग ओळखतो. एकोणीस वर्षांत हे मला कळलं नव्हतं, कारण मी कधी ऐकूनच पाहिलं नाही. तुला ते शेतात कळलं होतं.

एक शब्द मी स्वतःहून बाद केला. ‘सोवळा’. जुळत होता, वृत्तातही बसत होता. तुझ्या नावाजवळ तो मी येऊ देणार नाही.

शेवटी या दोन ओळी झाल्या. पुढे रितिकाचं आणि तिच्या आईवडिलांचं येतं, ते वेगळं.

आले सर्व सगे घरी लगबगे, दारी नवा सोहळा
हाती अक्षत घेउनी निरखते, आत्या उभी वच्छला

गण मोजून घेतले आहेत, दोष नाही. छापायला टाकतो आहे, चारशे प्रती. तू आलीस तरी हे राहील, नाही आलीस तरी राहील. नाही आलीस तर लोक विचारतील, कोण ही वच्छला, आणि मला प्रत्येकाला सांगावं लागेल. ते मी सांगेन.

पण ये.

बाबाराव


नागपूर
८ एप्रिल

बाई,

काल तुझा फोन आला, दुपारी सव्वातीनला. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. मोबाईलवर तुझं नाव दिसलं आणि मी खुर्चीतून उठलो. हॅलो म्हणालो. तू हॅलो म्हणाली नाहीस.

“ते निरखते काढ,” तू म्हणालीस.

“काहून?”

“मी काय नुसती पाहाले येऊन राहिली काय, मागं उभी राहून?”

मी म्हणालो, बाई, त्या जागी चार अक्षरं लागतात. पहिली तीन लहान, चौथं मोठं. तिथे हात लावला तर अख्खी ओळ पडते.

“माहीत हाय. उधळते. मोज.”

मी बोटांवर मोजलं. उ, ध, ळ, ते.

“मोजून झालं काय गा?”

“बसते,” मी म्हणालो.

“मंग बसव,” म्हणून तू फोन ठेवून दिलास.

मी लगेच पेन घेतलं. ओळ तीनदा म्हणून पाहिली. हाती अक्षत घेउनी उधळते, आत्या उभी वच्छला. माझ्यापेक्षा चांगली झाली आहे. हे स्वतःशी कबूल करायला मला दहा मिनिटं लागली. गिऱ्हाईक बिचारं बसून होतं. छापलेल्या चारशे प्रती मी टेबलाखाली सरकवल्या, मशीनवर नवीन मजकूर लावला, चहा मागवला. कप तोंडाशी नेला आणि तेव्हा कुठे मला ऐकू आलं, तू काय म्हणाली होतीस ते. येऊन राहिली.

मी अक्षरं मोजत बसलो आणि ते निसटलं.

शामलाला फोन केला. माझ्याने नीट सांगणं झालं नाही. ती म्हणाली, “मंग दुकानात काहून रडता? लोकं पत्रिका छापाले आले असतीन.” मी रडत नव्हतो, आवाज बसला होता. रोहितला मात्र तिने रडलो असंच सांगितलं आहे. तो तुला सांगेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

हळद अठराला, दुपारी चारला. रोहित सकाळी गाडी घेऊन येईल. एसटीने निघू नकोस, ऊन फार आहे. शामला म्हणते, बाईंना म्हणा दोन दिवसांच्या पिशवीने येऊ नका, आठ दिवसांच्या पिशवीने या. भूमिका सोळालाच येते आहे. केशवरावांच्या आईही येणार आहेत. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, म्हणे शेत एकटी पाहते ती हीच का. त्या तुझ्याशी काय बोलतील मला माहीत नाही. तू काय बोलशील तेही माहीत नाही. मी मधे पडणार नाही.

आता कडवं कोणी म्हणायचं. सात कडवी गुरुजी म्हणतील. आठवं, तुझं, ते मी गुरुजींना दिलेलं नाही. भूमिका म्हणायला तयार आहे. पण ओळ आता निम्मी तुझी आहे, म्हणून आधी तुला विचारतो. माइक लागेल, चारशे माणूस असेल, चाल तुला येतेच. सूर खाली-वर झाला तरी मी तिथे मान हलवणार नाही, शब्द देतो.

म्हटलंस तर एवढंच कर, बाई. दुसऱ्या ओळीच्या शेवटी घाई करू नकोस. तिथे तुझं नाव आहे.

तुझा
बाबा